सिएनी निवडणुकीला उभी राहते

सिएनी शाळेच्या मंडळासाठी उभी राहिली ती एका वर्गापायी. पोरिरुआ शहरातल्या त्या शाळेत सामोअन भाषेतून शिकवणारा एकच वर्ग होता आणि मुलं कमी झाली म्हणून तो बंद करायचं मंडळाच्या मनात होतं. तिच्या थोरल्याला आजीशी फोनवर धड दोन वाक्यं बोलता येत नसत. ते तिला फार लागायचं. धाकटी लागी त्या वर्गात होती, आजीशी तासतासभर गप्पा हाणायची.

पालकांची एकच जागा रिकामी होती. समोर ग्रॅहम पोलॉक, नळदुरुस्तीवाला. माणूस भला, पण त्या वर्गाबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती.

उमेदवाराने स्वतःबद्दल अर्धं पान लिहून द्यायचं असतं. तिथेच घोडं अडलं. आम्हा सामोअन लोकांत स्वतःचे गुण स्वतः गात नाहीत. दुसऱ्याने उठून सांगायचे, आपण मान खाली घालून ऐकायचे. सिएनीने शिक्षिकेची स्तुती केली, चर्चमधल्या बायकांचे आभार मानले आणि शेवटी लिहिलं, ‘ग्रॅहमही फार चांगले आहेत.’

“अगं, प्रचार तुझा चाललाय की त्याचा?” नवरा एतुआले म्हणाला.

“मग काय लिहू? मी फार हुशार आहे म्हणून?”

“हो! तेच लिही!”

“लाज नाही वाटत तुला?”

शेवटी चर्चमधल्या थोरल्या उलूमावशी दारोदार फिरल्या. “आमची सिएनी सोन्यासारखी पोर आहे,” असं त्यांनी इतक्यांना सांगितलं की त्यांचा घसाच बसला.

मतपत्रिका आली. स्वतःच्या नावापुढे खूण करायला सिएनीचा हात धजेना. कोरी पाठवणंही बरं दिसेना. तिने ग्रॅहमच्या नावापुढे खूण केली आणि पाकीट चिकटवलं.

ग्रॅहमला अठ्ठावन्न मतं पडली, तिला सत्तावन्न.

“एका मताने गं!” शाळेच्या फाटकाशी हात मिळवत ग्रॅहम म्हणाला. “बरं झालं मी मलाच दिलं. तूही स्वतःलाच दिलं असशील म्हणा.”

सिएनी कसंनुसं हसली. गाडीत बसल्यावर तिने एतुआलेला खरं सांगितलं.

“ते मत तुझं नव्हतं, सिएनी,” तो म्हणाला. “लागीचं होतं.”

ती घरापर्यंत रडली. मला तिचा रागही येतो आणि तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, हेही ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक भरली. वर्ग टिकला, हे आधीच सांगून टाकतो. उगाच जीव टांगणीला नको. बंद करण्याचा विषय निघाला तेव्हा अध्यक्षबाईंनी मागे बसलेल्या पालकांना विचारलं, “कुणाला बोलायचंय का?” रिवाजाप्रमाणे उलूमावशी सिएनीची ओळख करून द्यायला उठू लागल्या.

सिएनीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

“राहू द्या, मावशी. मी सांगते.” ती उभी राहिली. “मी सिएनी. या वर्गाबद्दल या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तेव्हा आता माझं ऐका.”