बायकोच्या यकृतातलं नितळ पाणी

मंडळी, आज सकाळी बायकोच्या यकृतातली कृमीमुळे झालेली पाण्याची गाठ सुईने रिकामी केली.

दार बंद होतं, मी बाहेर, पण माझे कान तिखट.

"पोट फाडाल काय?" ती डॉक्टरांना विचारत होती.

"नाही हो, गाठीत एकच कप्पा आहे, पाणी सुईने निघेल. पण ते पोटात सांडलं तर जिवावर बेतेल. हलू नका."

मग बाहेर मीही हललो नाही.

नंतर डॉक्टरांनी मला आत बोलावून बाटली दाखवली. शहाळ्यासारखं नितळ पाणी! बघता बघता मी मनाने सांडोरच्या आमच्या वाडीत पोचलो. वाफ्यात कुत्रा लोळतोय, ती मुळा उपटून, पदराला पुसून मला देतेय.

"कुत्र्याच्या विष्ठेतली कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात," डॉक्टर म्हणाले.

गुंगीतूनच ती पुटपुटली, "अहो, तुम्हीपण तेच खाल्लंत ना?"

उद्या माझी सोनोग्राफी आहे. वाडीवाल्यांनो, तुमची कधी?