जोडसायकल, तिरकी बांधून बडोद्याला

नाशिकहून निघताना माझ्या पिकअपच्या हौद्यात दोन सायकली होत्या. एक माझी जुनी लेडीज सायकल, बडोद्यात फिरायला म्हणून घेतलेली, आणि दुसरी जोडसायकल, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची. पिकअप माझ्या रोपवाटिकेची. पुढे चौघांची ऐसपैस सोय आहे, पण मागचा हौदा एवढा आखूड की सायकलवाल्याने बघताक्षणी निकाल दिला, "ताई, फाळका उघडा टाका, चाक बाहेर राहू द्या आणि लाल फडकं बांधा. सगळे तसंच नेतात."

सगळे नेतात म्हणून मी का नेऊ? मागे माल बाहेर काढून चालणं नियमात बसत नाही, आणि माझ्या गाडीची नंबराची पाटी फाळक्यावरच आहे. तो आडवा पडला की पाटी रस्त्याकडे बघणार. मी टेप घेऊन हौद्यात उतरले. सरळ ठेवली तर सायकल बसत नव्हती. दोन्ही चाकं काढून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरकी घातली, तेव्हा घोडं गंगेत न्हालं. खाली जुनी गोधडी, चेन वरच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या रिकाम्या चिमट्यात लाकडाचा ठोकळा, आणि पट्टे फक्त सांगाड्याला. ब्रेकच्या तारांना पट्टा लागला की गेली तार. फाळका खट्‌कन बंद झाला आणि मी स्वतःचीच पाठ थोपटली.

हा सगळा खटाटोप अरुणदादासाठी होता. माझा मामेभाऊ. बडोद्यात आयुष्यभर गणित शिकवलं आणि कॉलेजला कायम सायकलने गेला. काचबिंदूने हळूहळू त्याची दोन्ही डोळ्यांची नजर गेली आणि सायकलही गेली. दिवाळीत फोनवर म्हणाला, "नलू, बाकीचं जमवून घेतो गं. पण तोंडावरचा वारा फार आठवतो." मग मी ही जोडसायकल शोधून विकत घेतली.

वणीला थांबून पट्टे ओढून पाहिले. पहिल्या काही मैलांत ते सैल पडतातच, तसे पडले होते. सापुताऱ्याला चहा घेताना पुन्हा पाहिले, आता घट्ट होते. घाट उतरल्यावर वाघईच्या सागवानातून रस्ता छान सावलीचा होता. पुढे हमरस्त्याला लागले आणि सुरतेजवळ ट्रकांच्या गर्दीत जीव मुठीत धरून चालवलं. भरूचला नर्मदा ओलांडताना खिडकी उघडी टाकली. बडोद्यात, फतेगंजातल्या दादाच्या घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.

मंगलवहिनी दारातच उभ्या. "आली ग बाई! जमायला (जेवायला) चल आधी."

दादा मात्र थेट हौद्यापाशी गेला. फाळक्यावरून हात आत घालून त्याने सांगाडा चाचपला. पुढची सीट, मागची सीट, मागच्या हँडलवरची घंटी. घंटी मी मुद्दाम मागे बसवून घेतली होती. त्याने ती एकदाच वाजवली.

ताटात हिरव्या तुरीच्या दाण्यांच्या कचोऱ्या होत्या. चौथी कचोरी वाढताना वहिनींनी आपला कायदा सांगितला. "बडोद्याच्या रस्त्यावर नाही हं. गायी काय, स्कूटरी काय! पादरा गावाच्या पुढं मोकळा रस्ता आहे, तिथं न्यायचं. एकदाच. आणि वाटेत एक जरी नडतर (विघ्न) आलं, तर गाडी तिथूनच पाछी (मागे) फिरेल."

"वहिनी, मी नीट बांधलंय सगळं."

"तू फार दोढडाही (दीडशहाणी) आहेस, माहीत आहे मला. आणि एकदा हौस भागवून तू जाशील नाशिकला. मग पुढं कोण बसणार? ह्यांना चटक लावून ठेवशील फक्त."

दादा कचोरी चिवडत राहिला.  परत जाताना जोडसायकलही घेऊन जायची, एवढंच ठरलं होतं.

सकाळी मी पट्टे तपासले आणि हातपाय धुवायला आत गेले. वहिनी पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या. बडोद्यात नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय ती हलत नाही. पूजा उरकली असं धरून मी मागे न बघताच, वहिनींना शेजारी आणि दादाला मागच्या सीटवर बसवून गाडी काढली. फतेगंजातून निघून अटलादऱ्याच्या अलीकडे येतो न येतो, तोच एका पोलिसाने हात केला.

"केम बेन, जानमां जाव छो?" (काय ताई, वऱ्हाडात निघालात?) तो हसतच होता. "नंबर प्लेट क्यां छे?" (नंबराची पाटी कुठे आहे?)

मी खाली उतरून मागे गेले आणि कपाळावर हात मारला. फाळक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गलगोट्यांचं (झेंडूचं) तोरण! आसोपालवाच्या (अशोकाच्या) लांब पानांखाली पाटी गडप, आणि एक लाल दिवाही गडप. नाशिकहून इथवर जी पाटी मी डोळ्यांत तेल घालून जपली, ती घरच्या अंगणात झाकली गेली होती.

वहिनी उतरून आल्या. "साहेब, हमणां ज पूजा करी छे." (आत्ताच पूजा केलीय.)

"पूजा सारी छे, मासी. पण पाटी देखावी जोईए." (पूजा चांगलीच, मावशी. पण पाटी दिसायला हवी.) त्याने सायकली पाहिल्या, एक पट्टा ओढून बघितला आणि मान हलवली. मी तोरण सोडलं. त्याने आम्हाला जाऊ दिलं.

गाडीत बसलो, पण किल्ली फिरवायची माझी हिंमत होईना. नडतर तर आलं होतं.  मागून दादाने हळूच विचारलं, "मंगल, तोरण कुणी बांधलं?"

"मी."

"मग हे नडतर कुणाचं?"

वहिनींनी मांडीवरचं तोरण सारखं केलं. "आपणच बांधलेलं नडतर मोजत नाहीत," त्या म्हणाल्या. "चाल, नलू. बघत काय बसलीस?"

पादरा मागे टाकून एका गावाकडे जाणाऱ्या शांत रस्त्याला गाडी लावली. चाकं चढवली, ब्रेक दाबून पाहिले. माझे हात वंगणाने काळे झाले होते. दादा मागे बसला. पहिल्या झोल्याला आम्ही दोघंही ओरडलो, मग पायांची गट्टी जमली आणि सायकल पळू लागली. दोन्ही बाजूंना शेतं होती, बहुतेक तुरीची. "तंबाखूचा वास येतोय, डावीकडं ना?" दादाने विचारलं. तंबाखू डावीकडेच होती. मग तो नुसती घंटी वाजवत सुटला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि वाऱ्यानेच सुकले.

वळून परत येताना समोरून कुणीतरी सायकलवर येताना दिसलं. माझी लेडीज सायकल! वर वहिनी, पदर खोचलेला, हँडल जरा लटपटतंय, पण पाय झोकात. लग्नाआधी त्या रोज सायकलने कॉलेजला जायच्या, हे मला ठाऊकच नव्हतं.

"दादा, वहिनी सायकलवर आहेत!"

"काय सांगतेस!" त्याने दणक्यात घंटी वाजवली.

"पुढे बघून चालव, दोढडाही!" म्हणत वहिनी आमच्या शेजारून निघून गेल्या. नंतर झाडाखाली बसून घरचा चिवडा खाल्ला. त्याच्यासारखा चिवडा मी पुन्हा खाईन असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी झाली. लेडीज सायकल हौद्यात चढली. मी पाना घेऊन अंगणात जोडसायकलपाशी बसले. दादा दारात उभा होता.  

"चाकं काढू नकोस," मागून वहिनी म्हणाल्या.

"चाकं काढल्याशिवाय बसत नाही ती, वहिनी."

"नकोच बसवूस. राहू दे इथं. पुढं मी बसेन. आधी सोसायटीतच फिरवीन, मग बघू. आणि ती गोधडी ठेवून जा, पादऱ्याला न्यायची झाली तर टेम्पोत अंथरायला लागेल." मी पाना खाली ठेवला. वहिनींनी माझ्या हातात कचोऱ्यांचा डबा दिला आणि "आवजो (या परत)" म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर सापुताऱ्याला थांबले आणि सवयीने पट्टे ओढून पाहिले. अर्धा हौदा रिकामा होता. मी रोपं पोचवणारी बाई, रिकामा हौदा मला नवा नाही. पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची ती तिरकी मोकळी जागा बघून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला. "मंगल एकदम बेस चालवते गं. वळणावर तेवढी घाबरते आणि ओरडते, घंटी द्या, घंटी द्या. हे ऐक."

आणि फतेगंजातली घंटी माझ्या नाशिकच्या स्वयंपाकघरात खणखणली.