मेणकापडाच्या खोळी आणि म्हैसूरचा पाऊस

विचारलंतच आहे तर सांगते, पण तोंडातला चहा आधी गिळून घ्या. हे ऐकताना माझ्या नणंदेला असा ठसका लागला होता की पाठीवर थापट्या मारून माझाच हात दुखला.

फजिती कोणाची होत नाही? पण माणसाने ती एकदा करून थांबावं की नाही? मी एकाच बागेत, लागोपाठ दोन संध्याकाळी करून घेतली. तीही एकटीने नव्हे, सगळी गल्ली बरोबर घेऊन!

झालं काय, दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या गल्लीने दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूरची सहल काढली. काढली म्हणजे शांताक्कांनी काढायला लावली. शांताक्का आमच्या शेजारीण. घरात कानडी, दारात मराठी, आणि दोन्हीकडे आवाज सारखाच खणखणीत. त्यांच्या स्वयंपाकघरात वृंदावन बागेचं चित्र असलेलं एक कॅलेंडर होतं. लाल, निळी, पिवळी कारंजी. वर्ष उलटलं, तारखा शिळ्या झाल्या, पण कॅलेंडर काही खाली उतरलं नाही.

"मला राजवाडा नको, साडी नको," त्या म्हणायच्या. "एकदा ते रंगीत पाणी डोळ्यानं बघायचं हाय बघा, मालनवैनी. बास!"

बस ठरली, आचारी ठरला. आणि तेवढ्यात आमच्या ह्यांच्या कचेरीतले एकजण म्हैसूरला जाऊन आलेले, ते सहज बोलून गेले, "तिथल्या हवेचं काही सांगता येत नाही हो."

काही सांगता येत नाही! आपण पडलो सोलापूरचे. आपल्याकडे हवेचं काय सांगायचं असतं? आज ऊन, उद्या ऊन, परवा जरा जास्त ऊन. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं, ते उठेचना. मी घरोघर फिरून बजावलं. माणशी दोन चादरी. कानटोपी. छत्री. सुंठेची पूड. शिवाय मी बाजारातून मेणकापड आणलं आणि सगळ्यांसाठी डोक्यावरून गुडघ्यापर्यंत येतील अशा खोळी शिवल्या. हिरवं मेणकापड स्वस्त मिळालं, म्हणून सगळ्या हिरव्या.

"अगं, सहलीला चाललोय की हिमालयात?" हे म्हणाले.

"पाऊस आला म्हणजे माझी आठवण काढाल!"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी शांताक्कांकडून एक कानडी शब्दही शिकून घेतला. मळे. म्हणजे पाऊस. बाकी पाणी, जेवण, रस्ता असल्या किरकोळ शब्दांची मला गरज वाटली नाही.

निघालो. बसच्या टपावर सामानाचा असा डोंगर झाला की ड्रायव्हर दस्तगीरभाई खाली उभे राहून नुसते बघतच राहिले. "बाई, येवढा सामान! घर बदलतंय काय?"

आणि पाऊस? वाटेत टिपूस नाही. म्हैसुरात टिपूस नाही. स्वच्छ निळं आभाळ, गोड ऊन. प्रत्येक मुक्कामावर गड्यांनी ते सामान टपावरून उतरवायचं, पुन्हा चढवायचं आणि चढवताना माझ्याकडे बघायचं. छत्र्या काखेत मारून सगळी गल्ली राजवाडा बघत होती. कोणी जांभई दिली तरी मागून आवाज यायचा, "वैनी, पाऊस आला का हो?"

खरं सांगू? तिसऱ्या दिवशी मी चामुंडीच्या देवळात हात जोडून पाऊस मागितला. सहलीला जाऊन पाऊस मागणारी बाई देवीनेही पहिल्यांदाच पाहिली असेल.

त्याच संध्याकाळी धरणाच्या पायथ्याची वृंदावन बाग. दिवे लागायला अवकाश होता. पांढरी कारंजी उडत होती, आभाळ थोडं भरून आलं होतं, वारा सुटला होता. शांताक्का सगळ्यांत पुढे, कारंज्याला अगदी खेटून बसलेल्या. आणि माझ्या गालावर टप्प! कपाळावर टप्प! हातावर टप्प टप्प!

मी ताडकन उठले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल.

"आला! पाऊस आला! खोळी घाला! बसकडे पळा!" आणि तिथल्या लोकांचं तरी का नुकसान व्हावं, म्हणून हात वर करून ओरडले, "मळे! मळे!"

ते बिचारे वर बघायला लागले. हात पसरून बघायला लागले. पण आमची गल्ली शिस्तीची! सगळ्यांनी हिरव्या खोळी डोक्यावर ओढल्या, पोरं काखोटीला मारली आणि छत्र्या उघडून धूम ठोकली. बसमध्ये शिरून काचा बंद. आतल्या श्वासांनी काचांवर धुकं धरलं. बाहेरचं काही दिसेना.

"थांबला का?" कोणीतरी विचारलं.

"कसला थांबतोय! आवाज ऐका की," मी म्हणाले. आवाज येतच होता. पाण्याचा. धो धो.

मी सुंठेचा चहा करायला सांगणार, इतक्यात दार उघडून दस्तगीरभाई आत आले. ठणठणीत कोरडे. हातात शेंगांची पुडी.

"सगळे हितं काय करतायत? तिकडं दिवे लागले की!"

"पावसात?"

"पाऊस कुटं हाय, बाई? ते फव्वारे की! वाऱ्यानं उडतंय पाणी."

मग सगळी बस एकदम दाराकडे धावली. खोळी अंगात, छत्र्या हातात, एकमेकांत अडकत आम्ही बागेच्या पायऱ्यांपर्यंत पोचलो, आणि दिवे विझले.

शांताक्का अंधारात उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "जाऊ द्या, वैनी. कॅलेंडर हाय की घरी."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं! रात्री मीच ह्यांना गळ घातली. परतीच्या वाटेवर श्रवणबेळगोळ बघायचं होतं, ते गाळलं आणि एक मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी निघताना मी बसच्या दारात उभी राहून जाहीर केलं, "आज एकही छत्री, एकही खोळ मुक्कामाबाहेर निघणार नाही. आणि आज कोणीही, काहीही झालं तरी, जागचं हलायचं नाही."

"काहीही झालं तरी?" ह्यांनी विचारलं.

"काहीही!"

दिवे लागले. काय सांगू ते दृश्य! लाल पाण्याचं निळं होतंय, निळ्याचं सोनेरी. शांताक्कांचं तोंड उघडं ते उघडंच. तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "वैनी, थेंब."

"कारंजं आहे."

"मोठा थेंब होता की हो."

"मोठं कारंजं आहे."

"पण मागनं आला. कारंजं पुढं हाय."

"वारा फिरला असेल."

आजूबाजूची माणसं उठून झाडांखाली, मंडपाखाली चालली होती. मी मनात हसले. फसले बिचारे, काल आम्ही फसलो तसे! आणि कन्नड येत नसल्याने खुणेने त्यांनाही सांगितलं, बसा, बसा, घाबरू नका.

मग आभाळात गडगडलं.

"आणि हे काय वं?" शांताक्का.

"धरणाचं पाणी सोडलं असेल," मी म्हणाले.

आणि तो कोसळला! सरी कसल्या, घागरी ओतल्यासारखा. रिकाम्या झालेल्या बागेत फक्त आमची गल्ली हारीने बसलेली, माझ्याकडे बघत. नथा गळतायत, टोप्या गळतायत, पोरं गारठून कुडकुडतायत, पण हललं कोणी नाही. शब्द म्हणजे शब्द!

"मालन," हे नाकावरून पाणी निथळत म्हणाले, "कारंजं आता डोक्यावर आलंय. उठायची परवानगी आहे का?"

सगळे पळाले. शांताक्का मात्र उठेनात. भिजून चिंब, पदर डोक्याला चिकटलेला, आणि समोर दिवे विझेपर्यंत ते लाल-निळं पाणी बघत बसलेल्या.

"अहो शांताक्का, चला! ताप येईल!"

"थांबा की वो! रंगीत पाणी खालनं, साधं पाणी वरनं. असलं कॅलेंडरात बी नव्हतं!"

त्यांना ताप आला नाही. मला आला. आणि सोलापूर येईपर्यंत सगळ्या चादरी माझ्या एकटीच्या अंगावर होत्या.

त्या सहलीने एक झालं मात्र. गल्लीत माझा मान वाढला. आता उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालायच्या आधी बायका आवर्जून माझ्या दाराशी येतात. "वैनी, आज पाऊस येईल का हो?"

मी आभाळ नीट बघते, वारा बघते, आणि पूर्ण विचार करून सांगते, "छे, आज काही येत नाही."

की सगळ्या मुकाट्याने पापड घरात पंख्याखाली वाळत घालतात.