हरल्यावरचं केळं

आमचे मास्तर सामना जिंकल्यावर शिव्या देत आणि हरल्यावर केळी वाटत. जिंकून बाहेर आलं की एकेकाला समोर उभं करायचे आणि सुरू व्हायचे, "दुसऱ्या गोलच्या टायमाला कुठं हुतास? मावशीकडं पाहुणा आलावतास काय?" हे अर्धा तास चाले. हरलो की मात्र अवाक्षर नाही. पिशवीतून केळ्यांचा घड काढायचा, प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवायचं, पाठीवरून हात फिरवायचा. "हरलेल्याला आधी पोटाला लागतंय, अक्कल मागनं," असं त्यांचं म्हणणं. दोह्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत मास्तरांनी आम्हाला एकही शिवी दिली नाही. यावरून आमच्या संघाची काय दशा झाली होती ते समजून घ्या.

मास्तर म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजचे फुटबॉलचे प्रशिक्षक. कोल्हापुरात फुटबॉलवरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण आमच्याकडे ते घरोघर आहे. मास्तरांनी वीस वर्षं तासांवर पगार घेऊन कॉलेजचा संघ सांभाळला. मग रफिकने त्यांना कतारला आणलं. रफिक मूळचा रत्नागिरीचा, आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलवर राहिलेला आणि आता दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका ऑफिसात हिशेब तपासणारा. त्याने मास्तरांना इथल्या एका भारतीय शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी मिळवून दिली आणि आम्हा माजी विद्यार्थ्यांचा संघ शुक्रवारच्या लीगमध्ये उतरवला. पहिल्या दोन्ही वर्षी करंडक आम्ही नेला. पुढे मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि मुलाच्या व्हिसावर दोह्याजवळच्या अल वक्राला त्याच्याकडे राहू लागले. पण संघ काही त्यांनी सोडला नाही.

मी या संघाकडून कधी खेळलो नाही. माझा गुडघा कॉलेजातच गेला. पण त्याआधी दोन वर्षं मी मास्तरांचा गोलकीपर होतो, आणि वाईट होतो. हात चांगले होते, तोंडातून आवाज निघत नसे. गोलकीपरने ओरडायचं असतं. चेंडू माझा आहे, बाजूला व्हा, हे आपल्या माणसांना सांगायचं असतं. मी लाजायचो. मास्तरांनी यावर औषध काढलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी होती. तिच्यामागे जाऊन ते उभे राहत आणि मी गोलातून "माझा!" असं ओरडायचं. ऐकू आलं तर ते हात वर करायचे. पहिले पंधरा दिवस टाकीच्या वर हात काही दिसला नाही. ज्या दिवशी दिसला, त्या दिवशी मास्तर तिथून धावत आले आणि म्हणाले, "गाढवा, हा आवाज कुठं ठेवलावतास इतके दिवस?" घरी कुणी मला इतकं चांगलं कधी म्हटलं नव्हतं.

पुढे माझा वर्कशॉपचा धंदा बसला आणि छत्तिसाव्या वर्षी मी बायको-मुलीला कोल्हापुरात ठेवून दोह्याला आलो. विमानतळाबाहेर पडलो तर समोर मास्तर, अंगात तोच कॉलेजातला निळा ट्रॅकसूट. कशाला आलास, किती पगार, काही विचारलं नाही. पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातात ठेवलं. मी तिथेच, ट्रॉलीवर बसून ते खाल्लं.

म्हणून सांगतो, मास्तरांनी आता थांबावं असं मला वाटू लागलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. पण वाटायचं. दर शुक्रवारी वाटायचं.

आठवडाभर मी साईटवर कोण किती खड्डे खणतोय ते मोजायचो, संध्याकाळी चौघांच्या खोलीत आपल्या पलंगावर बसून मुलीशी फोनवर बोलायचो. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तीन मिनिटांत आमचं बोलणं संपायचं. मग उरायचा तो शुक्रवार. दुपारच्या नमाजानंतर सामना असे. आम्ही साठ-सत्तर माणसं मैदानाकडेच्या पत्र्याच्या पायऱ्यांवर बसून कोल्हापुरी भाषेत बोंबलायचो, आणि ते दोन तास मी कुणाचा तरी होतो. तो शुक्रवार मास्तर आमच्या डोळ्यांदेखत बुडवत होते.

मास्तरांचा डाव एकच. डावीकडनं. मागच्याने लांब चेंडू डावीकडे मारायचा, कॉलेजपासून डावीकडे खेळणाऱ्या दिग्याने तो पळत जाऊन घ्यायचा आणि गोलसमोर घालायचा. कॉलेजच्या तांबड्या मातीत हा डाव कुणाला थोपवता आला नाही, कारण दिग्या वाऱ्यासारखा पळायचा. पण इथल्या हिरव्या कृत्रिम गवतावर चेंडू थांबत नाही, सुळकन बाहेर जातो. आणि दिग्या आता त्रेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, बँकेत बसून पोट सुटलेला. त्याला स्वतःला कळत होतं. एकदा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मास्तरांना सांग की रे, मला बसवा म्हणावं. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, पोरगं भ्यालं." समोर केरळच्या पोरांचे संघ, विशी-पंचविशीतले, तीन पासमध्ये आमच्या गोलात. आणि मास्तर रेषेवर उभे राहून ओरडताहेत, "डावीकडनं! डावीकडनं घाला!" सामना चालू असताना ते खाली बसत नसत; सत्तरीला टेकले तरी नव्वद मिनिटं उभे.

आम्ही फोनवर एक ग्रुप काढला होता. त्याचं नाव 'मास्तर सोडून सगळे'. त्यात आम्ही काय काय लिहिलं ते आज वाचवत नाही. हट्टी म्हातारा, संघ काय त्याच्या बापाचा आहे, असं मीच लिहिलेलं आहे. पण तोंडावर बोलायला एक माणूस तयार होईना. ज्याला पुढे ढकलावं त्याने कधीतरी मास्तरांच्या हातचं केळं खाल्लेलं असायचं. कुणाची बायको आजारी असताना मास्तर इस्पितळात बसले होते, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर महिनाभर अल वक्राच्या घरी ठेवून घेतलं होतं. शेवटी रफिकने मराठी माणसाला सुचेल तो उपाय काढला. म्हणाला, "आपण त्यांचा सत्कार करू. शाल-श्रीफळ दिलं की माणूस आपोआप समजतो. खलास."

सत्कार झाला. हॉटेलचा हॉल घेतला, फेटा बांधला, नारळ दिला. मानपत्र मी लिहिलं होतं आणि त्यात 'प्रदीर्घ सेवेनंतरची सुखाची विश्रांती' हे शब्द मुद्दाम दोनदा घातले होते. मास्तर उत्तराला उठले. डोळे भरलेले. म्हणाले, "मला वाटालतं, पोरं आता कटाळली मला. पण तुम्ही एवढा जीव लावलाय म्हटल्यावर मी सोडून जाईन व्हय? अजून तीन वर्षं हालत न्हाई!" आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. दिग्या तर रडत होता. कशासाठी ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही नवव्या नंबरवर आलो आणि दुसरा सत्कार केला. या वेळी त्यांना 'प्रमुख मार्गदर्शक' असं पदच देऊन टाकलं, म्हणजे रेषेवरून हटून खुर्चीत बसतील. "ते बी बघतो की," मास्तर म्हणाले, "त्यात काय, दोन्ही जमतंय." दुसरी शाल त्यांनी हिवाळ्यातल्या सामन्यांना अंगावर घ्यायला सुरुवात केली.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही तळाला होतो. नियम साधा होता: तळाचा संघ लीगबाहेर, त्याची वेळ आणि मैदान दुसऱ्याला. त्या दिवशी बरोबरी झाली असती तरी आम्ही वाचत होतो. आमच्या बाकावर संताजी बसून होता, शहराबाहेर बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहणारा वेल्डर, पायाने चपळ, डावीकडे खेळणारा. बस आणि मेट्रो करून दोन तासांनी पोचायचा. मध्यंतरापर्यंत एक-एक बरोबरी होती. त्यानंतर दिग्या लंगडायला लागला. सगळ्या पायऱ्यांना दिसत होतं. तो दोनदा बाकाकडे बघून हात हलवून गेला. मास्तरांनी अंगठा वर करून त्याला धीर दिला आणि ओरडले, "डावीकडनं!" त्याच डाव्या बाजूने समोरचा पोरगा दिग्याला मागे टाकून गेला आणि आम्ही एक-दोनने मागे पडलो. पंधरा मिनिटं उरली होती.

हा शुक्रवार गेला तर पुढच्या शुक्रवारी मी काय करणार, एवढंच डोळ्यांसमोर आलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "मास्तर, आता बास करा!"

मला वाटतं, पंचाने सुद्धा मान वळवली. मास्तर सावकाश मागे फिरले, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि पायऱ्यांवरची एकेक रांग बघत आले. मी खाली बसलो आणि वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. माझ्या पायात चप्पल होती.

मग मास्तर बाकाकडे गेले आणि बसले. त्यांना सामन्यात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाकावर बसलेल्या रफिकने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, दिग्याच्या जागी संताजी आत गेला. पोरगं जीव तोडून खेळलं, एकदा चेंडू खांबाला लागून परत आला. वेळ संपली. मास्तरांनी खेळाडूंना केळी वाटली, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि पायऱ्यांकडे न बघता मुलाच्या गाडीत जाऊन बसले.

दहा दिवसांनी कळलं की मास्तर कायमचे कोल्हापूरला चाललेत. ते निघायच्या आदल्या दिवशी रफिक, दिग्या आणि मी अल वक्राला गेलो. तिसरी शाल न्यायची हिंमत कुणाची झाली नाही. मास्तर बॅगा बांधत होते. दोन्ही शाली व्यवस्थित घडी करून वरती ठेवल्या होत्या. चहा झाला. त्यांच्या मुलाने दोनदा विमानाची वेळ सांगितली. उठलो, तेव्हा मास्तरांनी ओट्यावरचा घड आणला आणि दाराशी एकेकाला केळं दिलं. रफिकला दिलं, दिग्याला दिलं. ते दोघे जिन्यात उतरले. मी हात पुढे केला.

मास्तरांनी घड मागे घेतला.

"गाढवा," ते म्हणाले, "आवाज झकास हुता. टाकीमागं बी ऐकू आला असता."

मी म्हणालो, "मास्तर, मला—"

"गप. कवा दिलास आवाज? चेंडू जाळ्यात गेल्यावर? काय शिकवलंवतं तुला? कीपरनं आधी वरडायचं असतंय, आधी! तीन वर्षं काय गूळ धरून बसलावतास तोंडात? शाली कसल्या देताय मला? एका शब्दाचं काम हुतं. मला काय दिसत न्हवतं व्हय, दिग्याचं पोट? मी म्हणत हुतो, कोणतरी आवाज देईल. पाठीमागनं आवाज आल्याशिवाय माणूस चेंडू सोडतोय व्हय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं की," मास्तर म्हणाले. "मग?"

आतून मुलाने हाक मारली आणि त्यांनी दार लावून घेतलं.

जिन्यात रफिक आणि दिग्या केळी सोलत उभे होते. दिग्याने माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "तुला न्हाई दिलं?"

"नाही," मी म्हणालो. "मला शिव्या दिल्या."

दिग्याचं केळं तोंडाशी जाता जाता थांबलं. "नशीबवान हाईस लेका," तो म्हणाला. तो अगदी मनापासून बोलत होता. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आवरेना.