बोटीत एक जागा कमी

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. महानदीले पूर आला म्हणून फौजेच्या आमच्या इंजिनिअर कंपनीले तिकडं पाठवलं. मी हवालदार, बोट चालवणारा. माह्या जोडीले नायक विल्सन साळवे. दोघंही रायपूरचेच. मी ब्राह्मणपाऱ्यातला, तो शंकर नगरचा. पक्का ख्रिस्ती, आणि वाद घालायले एक नंबर.

आदल्या संध्याकाळी चहा पिताना मी म्हटलं, "आपलं सगळं वरूनच ठरलेलं असते."

"देवाले ठाऊक असते," साळवे म्हणाला, "पण तो करवून घेत नाही. मर्जी आपल्या हाती ठेवली त्यानं."

"काहून?"

"जबरदस्तीनं केलं तर ते प्रेम थोडंच, हवालदार साहेब? ते फटीग झालं, हुकमाची बिगारी."

मले काही पटलं नाही. शिपायाले हुकूम पुरतो म्हणालो अन् चहाचे मग धुवायले गेलो.

सकाळी खबर आली, शाळेच्या छतावर माणसं अडकली. धार लय जोराची होती. सुभेदार साहेबांनी सगळ्यांले रांगेत फॉल-इन केलं.

"ये हुकुम नहीं है. जिसको जाना है, एक कदम आगे."

जिवावरच्या कामाले फौजेत अशीच रीत. साळवेचं पाऊल माह्या आधी पडलं.

दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीले उरलेले सगळे बसले, बायका, म्हातारे, तान्ही पोरं. बोट कडेपर्यंत पाण्यात बसली. एक माणूस जास्त होत होता. साळवेले उतर म्हणायचा अधिकार मले होता. पण तोंडातून शब्द निघेना. तो आपणच छतावर चढला.

"मोटर तुमच्याशिवाय चालत नाही. मी थांबतो."

"साळवे, मी तुले सांगितलं नाही."

"म्हणूनच तर उतरलो. निघा तुम्ही."

काठाले लागलो. रेडिओवर सुभेदार साहेबांचा आवाज घुमला, "सब सिव्हिलियन सेफ. ओव्हर." लोक नाचून राहिले होते, एक आजी माह्या बुटांवर डोकं ठेवून राहिली होती. छाती फुगली माही, आजही फुगते. लगेच बोट फिरवली. मी पोचायच्या आत शाळा साळवेसकट पाण्यात बसली.

कबरस्तानात लोक त्याच्या आईचं सांत्वन करत होते. जो तो म्हणे, देवाची मर्जी. मी रडत होतो, ती नाही. तिनं मान हलवली.

"देवानं नुसतं विचारलं, बाबा. हव म्हटलं ते माह्या विल्सननं."

मी टाचा जोडल्या अन् सॅल्यूट मारला. इतका कडक सॅल्यूट मी कोणत्याच जनरलले मारला नाही.