नंबरातलं अक्षर

"नमुना म्हणून हिचाच घेऊ," साहेब म्हणाले.

केबिनमध्ये आम्ही पाचजण होतो. पर्सोनेलचे साहेब, अकाउंट्सचे दोघे, सॉफ्टवेअरवाले हरेशभाई आणि मी. मी टाइम ऑफिसची क्लार्क. अंबरनाथ एमआयडीसीतली पॅकिंगची कंपनी. साल दोन हजार चार. हजेरीचं जाडजूड मस्टर जाऊन पगार कॉम्प्युटरवर यायचा होता. त्यासाठी प्रत्येक माणसाला एक नंबर हवा होता, दुसऱ्या कुणाचा नसेल असा. कारण आमच्याकडे एकाच नावाचे तिघेतिघे होते.

साहेब फळ्यावर लिहीत होते. "कोड बोलला पाहिजे. नुसता बघितला की माणूस कळला पाहिजे." आधी खात्याची दोन अक्षरं. मग जातीच्या वर्गाचं एक अक्षर. ए, बी, सी, डी. शेवटी आकडा. माझ्याकडे बघत त्यांनी लिहिलं, टीओ-डी-०३.

"डी म्हणजे तुमचे लोक. राग मानू नकोस हं. सोय म्हणून."

अकाउंट्सचे दोघे हसले. फार वाईट हसले असंही नाही. चहा पिताना हसतात तसं. आणि मीही हसले. त्यांचं हसू विसरले मी. माझं नाही विसरले.

मग दोन आठवडे अक्षरं भरत बसले. साडेतीनशे माणसं. फाईल उघडायची, शाळा सोडल्याचा दाखला काढायचा, जात वाचायची, अक्षर टाकायचं. माझ्याच हाताने. माझ्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहून घ्यायला वडिलांनी शाळेत किती खेपा घातल्या होत्या. आणि मी तांदळातले खडे निवडावेत तशी माणसं निवडत होते. एकदोनदा वाटलं, उठावं. उठले नाही. संध्याकाळी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये घरी जायचं, जेवायचं, पडायचं, सकाळी परत तेच. राग यायलासुद्धा अंगात ताकद लागते.

कार्डं छापून आली. फोटो, नाव, खाली ठळक कोड. सगळ्यांनी गळ्यात घातली. डी म्हणजे काय ते आठवड्याभरात कंपनीभर कळलं. तोंडाने कुणी काही बोललं नाही.

सुमनताई बदलापूरहून, हेंद्रेपाड्यातून यायच्या. कित्येक वर्षं झाडलोट केलेली. मग कॅन्टीनला बाई कमी पडली म्हणून त्यांना चपात्या लाटायला घेतलं. तीन महिने सगळी कंपनी त्यांच्या हातच्या चपात्या खात होती, वर आणखी मागत होती. कार्ड गळ्यात आलं आणि चार दिवसांत त्यांना परत सफाईला पाठवलं. कारण नाही सांगितलं. लाटणं दुसऱ्या बाईच्या हातात दिलं, बस.

खातं बदललं म्हणून नवं कार्ड निघालं. ते घ्यायला त्या माझ्याकडे आल्या. जुनं आणि नवं शेजारी धरून बघत राहिल्या.

"बाय, हा डी कशाचा गं?"

"डिपार्टमेंटचा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. साहेब बोलले तेव्हा मी हसले होते, ते एक. पण हे खोटं मी माझ्या माणसाशी बोलले होते. साहेबांच्या वतीने.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. कागद घेऊन गेले. सुमनताईंचा कोड बदलल्यावर कॉम्प्युटरला त्या दोन बायका वाटत होत्या. एक गैरहजर. दुसरी कालच कामाला लागलेली. नोकरीची सगळी वर्षं जुन्या कोडला चिकटून राहिली होती. हरेशभाईंनी माझीच बाजू घेतली. "साहब, नंबर गूंगा अच्छा. जो बदल सकता है वो नंबर में डालने का ही नहीं."

"टेक्निकल अडचण आहे तर आधी सांगायचं ना," साहेब म्हणाले.

एका मिनिटात खात्याची अक्षरं गेली, त्यांच्याबरोबर डीही गेला. एक हजार एकपासून ओळीने साधे नंबर. ज्यातून माणसाचं काहीच कळत नाही असे.

मला वाटलं, जिंकले. सुमनताई जिना झाडत होत्या तिथे जाऊन सांगितलं, डी काढला.

"कुणी?"

"मी."

"काय सांगून?"

"कॉम्प्युटर चुकतोय म्हणून."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "म्हणजे चूक कॉम्प्युटरची." मग म्हणाल्या, "खातं बदललं तरी डी तसाच होता. मला तेव्हाच कळलं. तू काय सांगतेस ते बघत होते."

आवाज चढला नाही. दमलेल्या होत्या. मीही.

घरी बसून हाताने अर्ज लिहिला. सुमनताईंना जात बघून कॅन्टीनमधून काढलं, त्यांना परत घ्या. ती अक्षरं मी भरली, हेही लिहिलं. सुमनताईंना वाचून दाखवला आणि त्यांना घेऊनच केबिनमध्ये गेले.

साहेबांनी दोनदा वाचला. "यातलं जातीचं काढ. कॅन्टीनला माणूस कमी आहे म्हणून लिही. उद्याच घेतो यांना."

मी सुमनताईंकडे बघितलं. लाटणं त्यांचं होतं. मी कोण ठरवणार?

"राहू दे तसंच," त्या म्हणाल्या.

"नाही काढणार, साहेब," मी म्हणाले. "कारण तेच आहे."

त्यांनी अर्ज बाजूला सरकवला. आम्ही हललो नाही. कॉपीवर पोच मिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिलो.

पुढच्या महिन्यात माझी बदली गोडाऊनला झाली. सुमनताई सफाईतच राहिल्या. गोडाऊनमधून मी दर महिन्याला तोच अर्ज देत आलेय. एक शब्द काढ, काम होईल, असा निरोप येतो. आम्ही दोघी तो ऐकून घेतो आणि कामाला लागतो. शब्द काढलेला नाही. काढणार नाही.