ओरडणारे ब्रेक आणि आबांचं ओंगण

सुरुवातीलाच सांगतो, हे वाचून कोणाला खानदेशात स्पोर्ट्स कार घेऊन जावंसं वाटलं तर खुशाल जा. रस्ते चांगले आहेत, माणसं चांगली आहेत, शेवभाजीबद्दल तर बोलायलाच नको. फक्त मी गेलो तसं जाऊ नका.

मागच्या वर्षी मी एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. निळी आणि इतकी बुटकी की उतरताना दाराला धरून उठावं लागतं. पुढे दोघं ऐसपैस बसतात, मागच्या दोन सीटांवर बसायचं तर माणसाला घडी घालावी लागते. बायको म्हणाली, "चाळिशीत माणसं पुन्हा पोरं होतात, तसं तुझं झालंय." मी दुर्लक्ष केलं. गाडी आल्या दिवशी पहिला फोन केला तो आबांना. आबा म्हणजे माझे थोरले काका. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. पुढचं सगळं आबांनी केलं, आणि ट्रॅक्टरच्या सीटवर बसवून गाडी चालवायला शिकवलं तेही त्यांनीच.

"मंग यंदा आखाजीले ये गाडी घेऊन," आबा म्हणाले. "अक्काले आनाले जाऊ."

खानदेशाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, आणि त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. अक्का म्हणजे आबांची धाकटी बहीण, माझी आत्या. तिचं सासर धुळे जिल्ह्यात, नरडाण्याजवळच्या खेड्यात, आणि बोलीही आता तिकडचीच, अहिराणी. आबा एकोणऐंशीचे, अक्का सत्तरीपार, पण मुराळी अजून आबाच. गुडघ्यांमुळे चार वर्षं त्यांचं जाणं झालं नव्हतं आणि म्हणून अक्काचंही येणं झालं नव्हतं. यंदा ते जमवायचं माझ्याकडे होतं. एवढं एकच काम होतं माझ्याकडे.

पहिला दिवस

पहाटे पाचला पुणे सोडलं. चाकण उजाडायच्या आत पार करा, नाहीतर तिथेच दोन तास जातात. नाशिकला चहा, मग चांदवड, मालेगाव, धुळे. धुळ्याला एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. मालकाने विचारलं, "तिखट चालीन का मध्यम?" मी फुशारकीने तिखट म्हणालो आणि पुढे पारोळ्यापर्यंत पाणी पीत गेलो. धुळे ते जळगाव रस्ता आता असा झालाय की गाडीला हायवेवर कुठे धाप लागत नाही. ॲव्हरेज आठ-नऊचं मिळालं, त्याचं दुःख वेगळं. उन्हाचं म्हणाल तर दुपारी स्टीअरिंगला हात लावायच्या आधी त्यावर ओला रुमाल ठेवावा लागत होता.

आता त्या आवाजाकडे येतो. निघायच्या आठवडाभर आधी मी गाडीला नवे ब्रेक पॅड बसवले होते. जुने चांगले होते. पण आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एकाने सांगितलं की अशा गाडीला रेसवाले पॅडच शोभतात, आणि मी लगेच मागवले. त्यांचा गुण असा की खूप तापले की जबरदस्त पकडतात. थंड असताना, गावातल्या गावात, हळू वेगात, ते किंचाळतात. हायवेवर काही नाही. एरंडोलच्या पहिल्या गतिरोधकावर गाडीने जी किंकाळी फोडली, रस्त्याकडेची कुत्री उठून बसली.

जळगावात तर लाज गेली. प्रत्येक सिग्नलला लोक वळून बघायचे, आधी गाडी बघून कौतुक, मग आवाज ऐकून हसू. एक रिक्षावाला शेजारी थांबून म्हणाला, "भाऊ, एवढी महागाची गाडी, काबरं रडी ऱ्हायनी?" मी काच वर केली.

शेवटी न राहवून औद्योगिक वसाहतीजवळ एक गॅरेज दिसलं तिथे थांबलो. गोकुळ मिस्त्री नावाचे पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी मला दोनदा पुढे-मागे करायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बिघाड काहीच नाही. पॅडची जातच तशी आहे. दोन तास द्या. पॅड काढतो, कडा घासतो, पॅडच्या पाठीला ब्रेकचं ग्रीस लावतो. फक्त पाठीला. पुढून थेंब जरी लागला तर ब्रेक संपला समजायचं."

सरळ माणूस, सरळ सल्ला. पण मी काय केलं? गॅरेजमध्ये एक मालवाहू रिक्षा आणि दोन ट्रॅक्टर उभे होते, ते पाहून माझ्या कपाळावर आठी आली. म्हटलं, राहू द्या, पुण्यालाच दाखवीन. त्यांना ते कळलं. हात पुसत म्हणाले, "जशी तुमची मर्जी." या प्रवासात माझं नाक पहिल्यांदा वर झालं ते इथे. नंतर ते कापलं गेलं, पण माझ्या एकट्याचं गेलं असतं तर हे लिहायला बसलोच नसतो.

भुसावळ, सावदा करत रावेरच्या अलीकडे आमच्या गावी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मागे सातपुडा. आबा ओट्यावरच होते. गाडी अंगणात शिरताना पुन्हा किंचाळली. आबांनी आधी गाडीभोवती फेरी मारली, मग खाली वाकून चाकाकडे बघितलं. या गाड्यांची चाकं म्हणजे पाच काड्यांचे पंखे, आतली ब्रेकची चकती उघडी दिसते.

"वरडते काहून रे बापू?"

बारा तास गाडी चालवून मी वैतागलो होतो. पॅड, चकती, कंप, थंड-गरम हे सगळं आबांना कुठे समजावत बसायचं? म्हटलं, "काही नाही आबा, वंगण कमी आहे. पुण्याला गेलो की लावून घेईन."

हे वाक्य मी किती सहज बोललो. जेवताना आबांनी पुन्हा विचारलं, "अशीच वरडत जाईन का अक्काच्या दारात?" मी आमरस ओरपत म्हणालो, "जाऊ द्या हो, कोण ऐकतंय."

दुसरा दिवस

सकाळी सहाला आबा तयार. पांढरं शुभ्र धोतर, नवी टोपी, काकूने बांधून दिलेल्या खापरावरच्या पुरणपोळ्या मांडीवर. गाडीत बसवताना त्यांचे गुडघे मला हाताने आत घ्यावे लागले. परतताना अक्का पुढे बसेल, आबा म्हणाले, "मी मांगं गठोडं होऊन पडीन."

गल्लीच्या वळणावर मी हलकेच ब्रेक दाबला. आवाज नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. आबांनी माझ्याकडे बघितलं, चेहरा असा फुललेला. "पाह्य. वरडते का आता?"

मला वाटलं पॅड बसले असतील. म्हटलं, "नाही हो, गुपचूप झाली."

गावाबाहेर रस्ता उतरतो आणि रावेरच्या मुख्य रस्त्याला लागतो. तिथे केळीचे ट्रक भरले जातात. उताराला मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. पुन्हा दाबला, पाय पूर्ण रोवला. गाडी लोण्यावरून जावी तशी चाललीच. समोर मुख्य रस्त्यावरून ट्रक येत होता. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, त्यानेही धड धरेना, आणि मग डावीकडे कापलेल्या केळीच्या खोडांचा ढीग होता त्यात गाडी घातली. धप्प. पुढचा बंपर फुटला. आम्हाला दोघांना काही झालं नाही. आबांच्या मांडीवरच्या पुरणपोळ्या पायाशी पडल्या.

खाली उतरून चाकाशी वाकलो तर एरंडेल तेलाचा वास. चकती चकचकीत ओली. चारही चाकं.

मी आबांना काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. थोडं लिहितो, कारण नाहीतर लिहिण्याला अर्थ नाही. "तुम्हाला हात लावायला कोणी सांगितलं होतं? ही काय बैलगाडी आहे? अक्कल गहाण टाकलीय का? आत्ता दोघं मेलो असतो." केळीचे घड वाहणारी दहा-बारा माणसं उभी राहून ऐकत होती. त्यांतल्या निम्म्यांना आबांनी लहानाचं मोठं होताना पाहिलंय. एक म्हातारा मध्ये पडला, "जाऊ दे बापू, म्हतारा मानूस हाये." मी त्यालाही गप्प केलं.

आबा गाडीतून स्वतःच उतरायची धडपड करत होते. कोणीतरी हात दिला. उभे राहिले, टोपी नीट केली आणि एवढंच म्हणाले, "तूच म्हनला व्हता, वंगण कमी हाये."

मग पुरणपोळ्यांचं गाठोडं उचललं आणि चालत घरी गेले. धोतराच्या एका बाजूला तेलाचा डाग होता. पहाटे अंधारात तुरीच्या काडीला चिंधी बांधून, चाकाच्या काड्यांमधून हात घालून, त्यांनी एकेक चकती माखली होती. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, चारदा.

गाडी उचलून नेणारा ट्रक जळगावहून यायला दुपार झाली. (अशा गाडीला दोरी बांधून ओढू नका, सपाट पाठीचा ट्रकच बोलवा.) ती उतरवायची कुठे, तर गोकुळ मिस्त्रींकडेच. त्यांनी वास घेतला आणि मला एक शब्दही टोचून बोलले नाहीत. मी घडलेलं सांगितलं तर म्हणाले, "पॅड तेल पितात. हे आता फेकायचे. दुसरे आहेत?"

होते. पुण्याच्या मेकॅनिकने काढलेले जुने पॅड डिकीत तसेच खोक्यात पडले होते. मिस्त्रींनी चकत्या धुतल्या, पॅड धरणारे कॅलिपर साफ केले, जुने पॅड पाठीला बोटभर ग्रीस लावून बसवले, बंपर तारेने बांधला आणि स्वतः फेरी मारून आणली. आवाज नावाला नाही. आदल्या दिवशी दोन तास दिले असते तर एवढंच झालं असतं.

संध्याकाळी गावी परतलो. आबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून होते. म्हटलं, "आबा, माझं चुकलं."

"तुह्यं काय चुकलं. गाडी तुही हाये." मग म्हणाले, "सकाळी तू जाय. अक्का वाट पाहीन. मी नाही येत."

मी खूप विनवलं. काकूने मला खुणेनेच गप्प बसवलं.

तिसरा दिवस, आखाजी

एकटाच निघालो. जळगाव, पारोळा, धुळे, तिथून आग्रा रोडने नरडाणा. बाजूची सीट रिकामी आणि गाडी अगदी शांत. त्या शांततेचा मला राग येत होता.

अक्का दारातच उभी, नवं लुगडं, पायाशी पिशवी. तिने आधी माझ्या मागे बघितलं. "आबा नही उना का?"

"गाडी बिघडली होती काल. आबा दमले." अर्धं खोटं.

मग ती हसली. "गाडीले ओंगण दिधं नही व्हई."

ओंगण म्हणजे चाकाचं वंगण, एवढं कळलं; पण त्याचं इथे काय, मी विचारलं. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आबा रेल्वेने नरडाण्याला उतरले, तिथे ओळखीच्या माणसाची बैलगाडी मागून घेतली. गाडी इतकी कर्कर करत आली की वेशीपासून लोक हसायला लागले.

"मन्ही सासू बठ्ठास्ना समोर म्हने, माहेरमा ओंगणले तेल नही का? आबानी मान खाली गयी. तठून दर वरीसले तो रेलगाडीमा तेलना डबा लई येये. ठेसनवर उतरना का आधी मांगेल गाडीले ओंगण दे, मंगच गावमा शिरे. बहीनना दारमा गाडी बोंबलाले नको."

काल खरं काय झालं ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

ती आली नाही. मी पिशवी उचलली तर तिने ती माझ्या हातातून घेतली. "पन्नास वरीस तोच उना लेवाले. तो नही, ते मी कशी येऊ?" त्याच पिशवीतलं एक उपरणं आणि कुरडयांचा डबा मात्र तिने आबांसाठी दिला.

चार वाजता गावी पोचलो. उपरणं आबांच्या हातात दिलं. म्हटलं, "अक्काने तेलाच्या डब्याचं सांगितलं. मला माहीत नव्हतं हो आबा. चला, उद्या आपण दोघं जाऊ."

आबांनी उपरण्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. "आखाजी झाली रे बापू. आता काय." अंगणात दोरीवर त्यांचं धोतर वाळत होतं. तो डाग गेला नव्हता.

पुणे

बंपर नवा बसवला. गाडी मित्रांना आवडते. त्या पॅडबद्दल ग्रुपवर कोणी विचारलं तर मी गोकुळ मिस्त्रींचं वाक्य लिहितो. फक्त पाठीला, पुढून थेंबही नको. त्यापलीकडे काही लिहीत नाही.

तीन आठवड्यांनी अक्काचा फोन आला. आबा येऊन गेले होते. एकटेच, पॅसेंजरने नरडाण्यापर्यंत, तिथून रिक्षाने. दोन तास बसले, जेवले, गेले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुन्ही गाडीनी लई तारीफ करी. म्हने, बापूनी माले बसाडं. एवढी भारी गाडी, पन जरा बी वरडत नही."

मी हो म्हणालो. गल्लीची दोन वळणं ती खरंच ओरडली नव्हती. आबा त्या गाडीत बसले ते तेवढंच.